निधी बारवेपासून दोनशे पावलं लांब खर्च करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य असलेल्या ताईंनी विचारलंय. गावाबाहेर दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, तिच्या काठाला महादेवाचं पडकं देऊळ आणि पिंपळाच्या पारावर सात-आठ वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड. इतकी वर्षं तिकडं कुणी फिरकत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गावातल्याच एका मुलानं टाकलेला व्हिडिओ सगळीकडं फिरला आणि रविवारी पुण्याच्या गाड्या यायला लागल्या. आता वीस लाखांचा निधी मंजूर होतोय. अंदाजपत्रकात देवळाभोवती पेव्हिंग ब्लॉक, देवळाला सिमेंटचा गिलावा आणि रंग, बारवेला स्टीलचा कठडा, स्वागत कमान आणि सेल्फी पॉइंट. काम मार्चअखेर संपवायचंय. ताई लिहितात, ‘हे बरोबर वाटत नाही. पण नको म्हटलं तर निधी परत जाईल आणि गाव मला नावं ठेवील. बारवही टिकावी आणि चार पोरांना गावातच काम मिळावं, असं काही होतं का?’

ताई, होतं. निधी परत पाठवू नका. तो फक्त बारवेपासून दोनशे पावलं लांब खर्च होईल एवढं बघा.

मी गेली बावीस वर्षं सातारा-सांगली पट्ट्यातल्या जुन्या दगडी कामांच्या दुरुस्तीत आहे. दुर्लक्षामुळं पडलेली देवळं मी पाहिलीत, नाही असं नाही. पण दुर्लक्ष करणाऱ्यांना घाई नसते. तुमची बारव दोन-तीनशे पावसाळे कुणाच्या मदतीशिवाय उभी राहिली. तिला खरा धोका आहे तो पुढच्या चार महिन्यांत. आपल्याच जिल्ह्यातल्या एका देवळाचं सांगतो, गावाचं नाव घेत नाही. लोकवर्गणी आणि निधी मिळून बरीच रक्कम जमली. गावकऱ्यांनी मोठ्या हौसेनं दगडावरचा जुना चुना ग्राइंडरनं घासून काढला, दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरलं, आत कडाप्पा आणि बाहेर पेव्हिंग ब्लॉक बसवले, वरून गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट. उद्घाटनाच्या दिवशी देऊळ नव्या नवरीसारखं दिसत होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मला बोलावणं आलं. गाभाऱ्याच्या भिंती कमरेपर्यंत ओल्या, रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि खांबावरच्या नक्षीच्या कडा हात लावला की पीठ होऊन पडत होत्या. ते पीठ म्हणजे सातआठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचं काम होतं.

असं का होतं, हे तुम्हाला ग्रामसभेत सांगावं लागेल, म्हणून नीट सांगतो. जुनी दगडी भिंत जमिनीतली ओल थोडी थोडी ओढत असते. ती ओल दरजांतून आणि भोवतीच्या मोकळ्या मातीतून वाऱ्यावर उडून जाते. भोवती पेव्हिंग ब्लॉक आणि त्याखाली काँक्रीट टाकलं की मातीची वाट बंद होते. दरजांत सिमेंट भरलं की दुसरी वाट बंद. वरून ऑइलपेंट मारला की उरलीसुरलीही बंद. मग ओल वर चढते, दगडातून बाहेर पडायचा प्रयत्न करते आणि सोबत आणलेले क्षार दगडाच्या कातडीखाली सोडते. क्षारांचे खडे वाढतात आणि दगडाचा पापुद्रा उचलतात. काळ्या दगडाला हे उशिरा कळतं. महाबळेश्वर-कास बाजूच्या जांभ्याला फार लवकर.

दुसरी गोष्ट सिमेंटच्या ताकदीची. गवंड्याला वाटतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. जुन्या कामात ते उलटं आहे. भिंत उन्हानं फुगते, थंडीनं आकसते, जमिनीबरोबर थोडी हलते. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते, म्हणून हालचाल झाली की भेग दरजेत पडते आणि पुढच्या हंगामात आपण ती पुन्हा भरतो. सिमेंटची दरज हटत नाही, मग दगड फुटतो. माझ्या वस्तादांचं एक वाक्य होतं: मरायचं दरजेनं, दगडानं नाही. दरज शंभर वेळा भरता येते. दगड एकदाच घडवलेला असतो.

म्हणजे काम करायचंच नाही असं नाही. पण ते चुन्यात करायचं, आणि चुन्याला मार्चअखेर कळत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवला की तो निदान काही आठवडे, जमलं तर काही महिने पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. मग चाळून, वाळू आणि सुरखी, म्हणजे पक्क्या विटांची भुकटी घालून तो चुन्याच्या घाणीत, म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली, मळायचा. हिरड्याचं पाणी, गूळ, बेलफळाचा चीक हे घालायची पद्धत आहे. प्रमाण ठिकाणानुसार बदलतं, त्यामुळं मोबाइलवर पाहिलेली पाककृती जशीच्या तशी वापरू नका. आधी आपल्या जुन्या चुन्याचा तुकडा काढून तो कशाचा बनलाय ते तपासून घ्या. भरलेल्या दरजांवर ओलं बारदान टाकून दिवसचे दिवस पाणी मारावं लागतं. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. कडक उन्हात तो तडकतो, पावसात धुऊन जातो. आपल्याकडं कामाचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. आता सांगा, जानेवारीत कार्यारंभ आदेश निघून मार्चमध्ये बिल काढायचं असेल तर ठेकेदार काय वापरणार? तो वाईट माणूस असतो म्हणून सिमेंट वापरत नाही. त्याला दिलेल्या तारखेत दुसरं काही बसतच नाही.

म्हणून अंदाजपत्रकातली कामं बदला, रक्कम तीच ठेवा. गावाच्या वेशीजवळ वाहनतळ. तिथंच बायका आणि पुरुषांसाठी वेगळी, पाणी असलेली स्वच्छतागृहं. वाहनतळापासून बारवेपर्यंत मुरमाची पायवाट, कडेला झाडं. पिण्याच्या पाण्याची टाकी, कचरा वेगळा करायची जागा, सावलीला एक साधी पत्र्याची किंवा कौलारू शेड. हे सगळं सिमेंटमध्ये करा, मार्चअखेर करा, माझी काही हरकत नाही. हे काम चांगलं दिसतंही आणि गावाला वर्षभर वापरता येतं. उद्घाटनाला पाहुणे बोलवा, फीत कापा, कोनशिला शेडच्या भिंतीत बसवा. बारवेत बसवू नका. हे मी गमतीनं लिहीत नाही. बाराव्या-तेराव्या शतकातल्या चौकटीत ड्रिल मारून बसवलेली ग्रॅनाइटची कोनशिला मी स्वतः पाहिली आहे.

स्वागत कमान वेशीवर हवी असेल तर असू द्या. गावात प्रत्येक मुद्द्यावर भांडलात तर मुख्य मुद्द्याला कुणी उभं राहणार नाही.

कोणताही दगड हलवण्याआधी मालकी बघा. बारव सातबाऱ्यावर कुणाच्या नावानं आहे? सरकारी, ग्रामपंचायतीची, देवस्थान इनामाची की एखाद्या भावकीची? देवळाची पूजा कुणाकडं आहे, गुरवांचा हक्क काय? हे कागद तलाठ्याकडून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून काढून एका फाइलला लावा. निधी आल्यावर भावकीतले जितके वारस निघतात तितके बारव ओसाड असताना कधी दिसत नाहीत. त्याबरोबर राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडं लेखी विचारा की ही वास्तू संरक्षित आहे का. राज्याचा या विषयावरचा कायदा १९६० चा आहे, केंद्राचा १९५८ चा. वास्तू केंद्र-संरक्षित असेल तर २०१० च्या दुरुस्तीप्रमाणं संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट लागते. बहुतेक गावांतल्या बारवा कुठल्याच यादीत नसतात. तुमचीही नसेल. तेव्हा तिला कायद्याचं छत्र नाही, आणि ग्रामसभेचा ठराव हेच तिचं कुंपण. ठरावात तीन वाक्यं पुरतात: मूळ दगडी बांधकामावर सिमेंट, रंग, टाइल, ड्रिल वापरायचं नाही, कोणताही कोरीव दगड जागेवरून हलवायचा नाही, दुरुस्तीचं काम जाणकाराच्या लेखी सल्ल्याशिवाय सुरू करायचं नाही. सदस्य बदलतात, ठराव वहीत राहतो.

आता बारवेविषयी. या प्रकारात माझा जीव जास्त गुंततो, तेव्हा थोडं सैल सुटेन.

लिंबची बारामोटेची विहीर तुम्ही पाहिली असेलच. साताऱ्याहून सोळा-सतरा किलोमीटर, महामार्गाच्या आत. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेली, साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची, अष्टकोनी विहीर. वरून पाहिलं की शिवलिंगाचा आकार, आत छोटा महाल. पाहुणे महालात फोटो काढतात आणि जातात. मी नव्या मुलांना तिथं घेऊन जातो तेव्हा आधी मोटांच्या जागा दाखवतो. थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी ओतायची जागा, कुठं, बैलांची धाव कुठं, पाट कुठून कसा निघाला. विहीर म्हणजे यंत्र होतं, आमराईला पाणी द्यायचं. ते यंत्र कसं चालायचं हे कळलं की माणूस तिथं वीस मिनिटांऐवजी तासभर थांबतो. तुमच्या बारवेतही हेच शोधा. पाणी कुठून यायचं, कुणाच्या शेताला जायचं, जनावरांचा हाळ, म्हणजे पाणी प्यायचं कुंड, कुठं होता. गावात ऐंशीच्या पुढची चार माणसं असतील. त्यांना बारवेवर नेऊन बसवा आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. हे काम पुढच्या आठवड्यात करा, कारण बाकी सगळं थांबू शकतं.

साफसफाई करताना उत्साह हाच मोठा शत्रू. शंभर पोरं, जेसीबी, दोन मोठे पंप, रविवारी सकाळी नारळ आणि संध्याकाळपर्यंत तळ, असं करू नका. बारवेच्या भिंतीमागं माती आहे आणि ती पाण्यानं भिजलेली आहे. आतल्या पाण्याचा दाब भिंतीला आतून टेकू देतो. ते पाणी एका दिवसात उपसलं की मागच्या ओल्या मातीचा रेटा तसाच राहतो आणि टेकू निघून जातो. चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचलेलं काम असेल तर भिंत पोट काढते, कधी कधी सरळ आत येते. पाणी रोज हात-दीड हात एवढंच उतरवा आणि भिंतीवर ओळंबा सोडून रोज बघा. उन्हाळ्यात पाणी आपोआप उतरलेलं असतं तेव्हा काम काढणं उत्तम. खाली उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं सोडून बघा. विझला तर माणूस सोडायचा नाही, पण नाही विझला म्हणून हवा चांगलीच आहे असंही धरू नका. गाळात कुजकं असतं, तळाशी विषारी हवा साचते, त्यात माणसं जातात. एक गेला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही.

गाळ घमेल्यानं काढा, जेसीबी काठाजवळही आणू नका. त्याच्या वजनानं काठ सुटतो. काढलेला गाळ एका बाजूला पसरून चाळा. मूर्ती, नाणी, भांडी, कोरीव तुकडे हमखास निघतात. निघालेली वस्तू कुठल्या थरात, कुठल्या पायरीजवळ सापडली ते लिहा, फोटो काढा आणि तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे. ही बातमी गावात फार गाजवू नका. गुप्तधनाच्या नादानं अमावस्येला नंदीखाली खणणारी माणसं आपल्या भागात अजून आहेत.

पिंपळ-वडाच्या रोपांबद्दल माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका पडवीच्या भिंतीत मनगटाएवढा पिंपळ होता. मी चेन पुली लावून मुळासकट ओढायला लावला. मूळ आलं, पण भिंतीचा अख्खा कोपरा सोबत घेऊन आलं. मुळानं दगड फोडलेही होते आणि धरूनही ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आता नियम असा की रोप तळहाताएवढं असेल तर पावसाळ्यात ओल्या दरजेतून हातानं उपटा. त्याहून मोठं झालं तर खोड कापा, मुळाच्या तोंडाला औषध लावा, ते मरू द्या, आणि मग दगडांना खडूनं नंबर घालून, फोटो काढून, एकेक उतरवून परत बसवा. नंबर खडूनंच घाला. ऑइलपेंटचे आकडे पुढची शंभर वर्षं देवळावर दिसतात. पारावरच्या मोठ्या पिंपळाला मात्र हात लावू नका. तो पार त्याचाच आहे.

वीरगळांविषयी गावात काय सांगतात? बहुतेक ठिकाणी ‘राक्षसाचे दगड’ किंवा ‘पांडवांनी ठेवलेले’ असं काहीतरी असतं. तुमच्याकडची खरी गोष्ट या वीरगळांचीच आहे, बारवेपेक्षाही. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत वीर लढताना, पडलेला. गाई दिसल्या तर गोधन वाचवताना मेलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहो. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला एकच हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. वाई तालुक्यात चंदन-वंदनच्या पायथ्याला किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी असे वीरगळ मोठ्या संख्येनं आहेत. तिथं मुलांना घेऊन जा आणि वाचायला शिकवा. मग आपल्या पारावरचे वाचायला लावा. तुमच्या गावातला कुणीतरी माणूस गुरं वाचवताना मेला आणि त्याचा दगड अजून उभा आहे, हे पोरांना कळलं की त्यावर कपडे धुवायला ठेवायचे की नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. वीरगळ ओळीत मांडून सिमेंटच्या ओट्यात पुरायची पद्धत पडली आहे, ती टाळा. खालची चौकट ओट्यात जाते आणि लढाईच नाहीशी होते. शेंदूर लावलेल्या दगडाचा शेंदूर खरवडू नका, तो कुणाचा तरी देव आहे.

आता पाहुणे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आपल्या जिल्ह्यातला एकटा प्रतापगड. याचा अर्थ गाड्या महाबळेश्वरच्या वाटेनं वाढणार, आणि कल्याणगड, वर्धनगड, चंदन-वंदन, तुमची बारव यांच्याकडं चुकून वळलेलेच येणार. मला हे बरंच वाटतं. चुकून वळलेला पाहुणा बहुधा घाईत नसतो.

गर्दी किती झेपते याचा धडा आपल्याला घरातच मिळालाय. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आलं आणि फुलांच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागल्या. तिथं आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीनं वनखात्याबरोबर व्यवस्था बसवली. दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, प्रवेश शुल्क, गावातलीच मुलं-मुली वाटाडे म्हणून. पण त्याच कासनं दुसराही धडा दिला. संरक्षणासाठी कुंपण घातलं, गुरांची चराई थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. जिथं माणूस आणि जनावर पिढ्यान्‌पिढ्या वावरलेत, तिथं त्यांना बाहेर काढणं म्हणजे जपणं नव्हे. म्हणून बारवेला कुलूप लावू नका. उन्हाळ्यात तिचं पाणी आधी गावाचं, गुरांचं. पोरं तिथं पोहायला शिकत असतील तर शिकू द्या, फक्त काठावर दोर आणि ट्यूब कायम टांगलेली हवी. बाहेरच्या पाहुण्यांना मात्र पाण्यात उतरायला बंदी, आणि ती पाटीनं नव्हे, तिथं बसलेल्या माणसानं सांगायची. कठडा लागणारच असेल तर तो दगडात ड्रिल न करता, काठापासून तीन-चार फूट मागं, मातीत खांब रोवून करा.

तुमची मर्यादा तीन हजार असणार नाही. तीस-चाळीस असेल. एका रविवारी पायऱ्यांवर उभ्या राहा आणि बघा, किती माणसं एका वेळी उतरली की वर येणाऱ्याला थांबावं लागतं. तो आकडा लिहून ठेवा आणि गाव तेवढ्यावर ठाम राहू द्या.

कमाई तिकिटात नाही. वीस रुपयांच्या तिकिटानं बारवेची झाडलोट होईल, पोरांचं पोट भरणार नाही. पैसा राहतो तो पाहुणा गावात दोन तास जास्त थांबला तर. पुस्तकांचं गाव भिलार ४ मे २०१७ ला सुरू झालं तेव्हा पुस्तकं एका मोठ्या इमारतीत ठेवली नाहीत, पंचवीसेक ठिकाणी ठेवली, त्यात लोकांची राहती घरं होती. पाहुणा गावातून चालतो, ओट्यावर बसतो, चहा विचारतो. तुम्ही वाहनतळ वेशीवर का करायचा, हे आता लक्षात आलं असेल. गाडी बारवेच्या तोंडाशी गेली की गाव कुणाला दिसतच नाही.

जेवण आधी फोनवर सांगितलं तरच मिळेल असं ठेवा, म्हणजे बचत गटाच्या बायकांचं अन्न वाया जात नाही. पनीर ठेवू नका, कृपा करून. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी, खरडा, कांदा, ताक. पुण्याचा माणूस याच्यासाठी येतो आणि जाताना दोन किलो घेवडा विकत नेतो. मी हे होताना पाहिलंय. एका घरानं वीस ताटं करण्यापेक्षा चार घरांनी आळीपाळीनं पाच-पाच करावीत. एकाच घराची भरभराट झाली की दुसऱ्या वर्षी गावात दोन गट पडतात आणि बारवेचं भांडण होतं.

वाटाड्या म्हणून दोन मुलं आणि दोन मुली तयार करा. त्यांना एकच शिस्त लावा: शिलालेखात काय आहे, कागदात काय आहे आणि गावात काय सांगतात, हे तीन वेगळे धरून सांगायचं. साताऱ्याच्या प्रत्येक विहिरीतून अजिंक्यताऱ्यापर्यंत भुयार जातं, असं आजवर मला किमान तीस गावांत सांगितलं गेलंय. ती सगळी खरी असती तर किल्ला कधीच खचला असता. ‘आमच्या आजोबांकडून ऐकलंय’ असं म्हणून भुयार खुशाल सांगा, पाहुण्याला मजा येते. पण ते इतिहास म्हणून पाटीवर लिहू नका. तसंच ‘हेमाडपंती’. हेमाद्री तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडं होता. चुन्याशिवाय रचलेली प्रत्येक भिंत त्याच्या नावावर टाकायचं कारण नाही. कालावधी नक्की माहीत नसेल तर मुलांनी रचना दाखवावी. दगड एकमेकांत कसे अडकवलेत हे हातानं दाखवलं की सालाची गरज पडत नाही.

पाहुणे आणि पूजा एका जागी कसे नांदतात ते बघायला संगम माहुलीला एकदा जाऊन या. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर १७३५ मध्ये श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ, घाट, थोरल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी. महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा समाधी तिथं दाखवतात. लहान मुलांना इतर कशापेक्षा तीच लक्षात राहते. त्या परिसराचं मोठेपण असं की तिथं अजून दशक्रिया होतात, लोक नदीला नमस्कार करतात, म्हातारी माणसं घाटावर बसतात. पाहुण्यानं तिथं आवाज खाली आणावा लागतो. तुमच्या महादेवाचीही सोमवारची पूजा असेल, यात्रा असेल. त्या दिवशी पाहुण्यांसाठी वेगळं काही करू नका. गुरवांना सुरुवातीपासून सोबत घ्या. मी पाहिलेल्या फसलेल्या कामांपैकी निम्मी पुजाऱ्याला न विचारता सुरू झाली होती.

हिशेबाचं एकच सांगतो. आलेला आणि गेलेला रुपया दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहा. त्यातला ठरलेला हिस्सा, समजा चौथाई, बारवेच्या खात्यात बाजूला ठेवा आणि त्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर जमतील तेवढ्याच दरजा चुन्यानं भरा. एका वर्षी एकच भिंत झाली तरी चालेल. तुमच्या गावातले दोन तरुण गवंडी या कामावर सुरुवातीपासून ठेवा. चुन्याचं काम येणारे हात आता फार थोडे उरलेत आणि ज्यांना ते येतं त्यांना जिल्ह्याबाहेरूनही बोलावणं येतं. तुम्ही चार पोरांच्या कामाचं विचारलंत ना, त्यातली ही दोन. वाटाड्यापेक्षा यांची कमाई जास्त होईल, हे लिहून ठेवा.

महाशिवरात्रीला बारवेवर दिवे लावायची चाल गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पडली आहे. तुम्हीही लावा. गावाला बारवेकडं वळवायला यासारखं दुसरं काही नाही. मातीच्या पणत्या, तेल पायरीवर सांडणार नाही अशा पानावर ठेवून. रंगीत एलईडी आणि डीजे नकोत. भिंतीतल्या कोनाड्यांत घुबडं आणि वटवाघळं राहतात, ती तुमच्याही आधीपासूनची आहेत.

मला अंदाजपत्रकाची प्रत आणि बारवेचे फोटो पाठवा. प्रत्येक भिंतीचा समोरून एक, आणि शेजारी मोजपट्टी उभी धरून. संक्रांतीनंतर मी कोरेगावला येणार आहे, तेव्हा अर्धा दिवस काढतो. तोवर एक करा. आजपासून दर अमावस्येला आणि पौर्णिमेला पाणी कितव्या पायरीवर आहे ते मोजून वहीत लिहा. वरून मोजा, खालून नाही. खालच्या पायऱ्या किती आहेत ते अजून कुणालाच माहीत नाही.